बादलीतले खडे

बाळाचा आत्ता कुठे डोळा लागलाय, तेवढ्यात लिहितेय. माझं एक बोट अजून त्याच्या मुठीत आहे, म्हणून अक्षर वाकडं. त्याला लस टोचायला नेतेय, तिथून आईकडे जाईन. तुझ्याशी भांडायलाही वेळ नाही.

काल बादलीत खडे वाजवून घोडीला फसवलंस. दाणा समजून ती बिचारी आली, आणि तू दोर घेऊन अंगावर धावलास. आता मी हाक मारली तरी लंगडत कुरणाच्या पार टोकाला पळते. दोन वर्षं मी लावलेली सवय एका बादलीत घालवलीस. शाबास!

चार वाजता डॉक्टर तिच्या खुरातला खिळा काढायला येतील. तू तीनलाच कुरणात जा. खरा दाणा ने. दोर हातात दिसू दे, लपवू नकोस. तिच्याकडे पाठ करून बस आणि तोंड बंद ठेव. ती आपणहून येईल. मागे धावलास तर खिळा आणखी आत जाईल.

नाहीच आली तर फोनवर तसं सांग. बाळाला कडेवर घेऊन मी परत येईन. पण माझं तोंड बंद करायला "पकडली गं, झालं सगळं" म्हणू नकोस. खोटं तू बोलशील आणि पाय तिचा जाईल.