लॉनवर झिरो मशीन

१२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. सलूनच्या तिन्ही खुर्च्या चालू आहेत. माझे गुडघे कुरकुरतात, पण ऐकतात. तुझ्या वहिनीचं मांडीचं हाड जुळत आलं असेल. तुझ्याकडे जिना नाही आणि व्यायाम घेणाऱ्या बाई घरी येतात, म्हणून तिला तिथे ठेवून मी निर्धास्त होतो. गेल्या रविवारपर्यंत.

हे पत्र एकटीने वाच, रोपवाटिकेच्या शेडमध्ये जाऊन.

तिचं लॉन मी कापलं. जाताना तिने बजावलं होतं की तुम्ही फक्त पाणी घाला, कापायला माणूस बोलवा. मी मनात म्हटलं, चाळीस वर्षं लोकांची डोकी सांभाळतोय, एका खुर्चीच्या तीन केल्या, मला गवत कापायला माणूस कशाला? गिऱ्हाइकं म्हणतात ना, बारीक कापा म्हणजे महिनाभर बघायला नको, तीच अक्कल मी तिथे लावली. ते ढकलायचं मशीन सगळ्यात खालच्या खाचेवर आणलं आणि झिरो मारला. त्या दिवशी असं गुळगुळीत दिसत होतं म्हणून सांगू. बुधवारपर्यंत सगळं पिवळं, मधूनमधून टक्कल. शेजारचे निवृत्त मास्तर कुंपणावरून म्हणाले की हजामत उत्तम झाली, आता पावडर लावून मान झटका.

ताई, एकेक ठोंब तिने हाताने लावलाय, दोन वर्षं. तिला यातलं अक्षर कळू देऊ नकोस. तयार गवताच्या चटया मिळतात म्हणे. ती यायच्या आत अंथरून टाकू का?

माया कमी करू नकोस. कापाकापी इकडे पुरेशी झाली आहे.

तुझा
धाकटा


१८ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र शेडमध्येच वाचलं. आधी हसले, मग तुझा कान पिळावासा वाटला. अरे शहाण्या, केस कितीही कापले तरी डोकं जेवतं तोंडाने. गवत पात्यांनी जेवतं. तू त्याचं तोंडच कापलंस. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापायचं नसतं, हे माझ्याकडे कुंड्या उचलणाऱ्यालाही ठाऊक आहे.

मूठभर धरून ओढून बघ. हातात आलं तर मेलं. धरून राहिलं तर मुळं जिवंत आहेत. मग सकाळी खोलवर मुरेल असं पाणी घाल, रोजचे शिंतोडे नकोत. खत नको, मशीन नको, तूही नकोस. आणि चटया तर मुळीच नकोत. स्वतःच्या पोराच्या जागी दुसऱ्याचं आणून ठेवलं तर आईला कळत नाही का?

आता इकडचं ऐक, ते जास्त वाईट आहे. वहिनी पाच दिवस पलंगावरून उतरलेली नाही. दुखतं म्हणते, उद्या करू म्हणते. व्यायामाच्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की आता पायावर भार टाकला नाही तर काठी जन्माची. आणि वहिनीला रस एकाच गोष्टीत. रोज संध्याकाळी विचारते, लॉन किती वाढलं. काल मी बोटभर म्हणून सांगितलं, तर माझ्याकडे बघतच राहिली. मला दुसऱ्यांदा खोटं जमणार नाही. तूच लिही, आणि खरं लिही.

आशीर्वाद आहेत, पण या खेपेला जरा आखूड.

तुझी
ताई


२२ एप्रिल

प्रिय मालकीणबाईंस,
स. न. वि. वि.

इतक्या वर्षांत तुला पत्र लिहायची वेळ आली नाही, आणि आली ती अशी. तुझं लॉन मी स्वतः कापलं, झिरोवर. पिवळं पडलंय. ताई बोटभर म्हणाली ते मला वाचवायला. तिच्यावर रागावू नकोस, सगळा राग इकडे पाठव.

आज गुडघे टेकून जागोजागी ओढून पाहिलं. बहुतेक सगळीकडे धरून आहे. पायरीजवळ मात्र ताटाएवढी जागा हातात आली. मग मशीन उलटं करून पाती हाताने फिरवली, तर नुसती खरखर. गिऱ्हाइकाच्या कानामागे कात्री बोथट झाली तर मला दुसऱ्या खुर्चीवरून ऐकू येतं, आणि हे ऐकू आलं नाही, कारण त्या दिवशी माझ्याच हुशारीचा आवाज मोठा होता. गवत मी कापलं नव्हतं, फाडलं होतं. पात्यांना धार लावून ठेवली आहे. तू सांगेपर्यंत हात लावणार नाही.

तू उठत नाहीस असं ताई लिहिते. मी आग्रह करत नाही. माझा आग्रह कुठे नेतो ते अंगणात दिसतंच आहे. पण मला चार शब्द सुनवायचे असतील तर इथे येऊन, उभी राहून सुनव. पलंगावरून आलेलं मला लागत नाही.

राग संपला की लोभ धाडावा. घाई नाही.

तुझा
अपराधी


३० एप्रिल

यांस,
सा. न. वि. वि.

पत्र संपलं तेव्हा मी खोलीच्या दारात उभी होते. कशी उठले ते मला आठवत नाही. वन्संना आठवतं, त्यांच्या हातातली किटली पडली.

मी माणूस बोलवा म्हटलं होतं. तुम्ही स्वतःलाच त्यात धरलंत, याला काय म्हणावं? मास्तर कुंपणावरून काय म्हणाले असतील तेही मला इथून ऐकू येतंय.

दोन दिवस तुमच्या नावाने खोलीभर फिरले. तिसऱ्या दिवशी राग उतरला आणि पाय दुखायला लागला, पण तोवर पायाला सवय झाली होती. आता काठी घेऊन वन्संच्या वाफ्यापर्यंत जाते. पायरीजवळच्या जागेसाठी ठोंब काढायला सांगितलेत. गवत चांगलं बोटभर झालं की कळवा. खरं बोटभर. पहिली कापणी मी करणार. व्यायामाच्या बाईंना विचारलंय, जमीन सपाट असेल आणि मूठ कमरेइतकी असेल तर ढकला म्हणाल्या.

वेळेवर जेवा. लोभ आहेच, मशीनपासून लांब राहाल तर वाढेल.

तुमची
मालकीण


२४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी वहिनी शुक्रवारी सुखरूप पोचली. घरात न येता आधी लॉनभोवती फिरली. हिरवं झालंय, पण कुठे दाट, कुठे विरळ. पायरीजवळ ठोंब लावून घेतले, तेही माझ्याकडून, दोनदा उपटायला लावून.

काल सकाळी दंव वाळल्यावर तिने काठी भिंतीला टेकवली आणि मशीनची मूठ धरली. पातं वरच्या खाचेवर. सायकल शिकणाऱ्या पोराच्या मागे धावावं तसा मी मागे मागे, तर म्हणाली की सावली पडते, जाऊन बसा. बसलो आणि डोळे मिटले. बघवत नव्हतं, आणि मला कानांनीच जास्त कळतं.

पहिल्या पट्ट्याला पाती जरा फिरायची, थांबायची, मग एक पाय ओढल्याचा आवाज. दुसऱ्याला थांबणं कमी झालं. तिसऱ्याला मी श्वास घ्यायला लागलो. चौथ्या पट्ट्याला पाती सलग वाजत होती, आणि ताई, खरं सांगतो, दुखरा पाय कुठला ते मला ओळखता आलं नाही.

डोळे उघडले तर पट्टे सगळे वाकडे. मास्तर कुंपणापाशी उभे होते, त्यांनी वाकड्या पट्ट्यांकडे बघून मान डोलावली. अर्धं लॉन करून ती घाम पुसत माझ्याशेजारी बसली, आणि उरलेलं उद्या म्हणाली.

तिचा पलंग आता तुझ्याकडच्या खिडकीपासून हलव. त्या खिडकीत ऊन छान येतं, रोपं ठेव.

आम्हा दोघांवर माया असावी, तिच्यावर थोडी जास्त.

तुझा
धाकटा