गिधाडमाळावरची झड

गिधाडमाळ वसाहत,
बुधवार, ७ मे २००३

प्रिय शालू,

सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. आता पत्र बघून तू म्हणशील, ह्या बाईला आज कुठून जाग आली. म्हण. पण फाडू नको, पुरतं वाच. तू सातवी पास, मी चौथीतनं उठलेली; माझं अक्षर लागायला वेळ लागेल, पण लागेल. येत्या सोमवारी आमचे मालक, तुझा नवरा पिराजी आणि वसाहतीतले दोन पंच गगनबावड्याला तुझ्या माहेरी येणार आहेत. बरोबर काडीमोडीचा कागद आणतील. पिराजीला उचगावचं स्थळ आलंय. तू त्या कागदावर सही करायची नाहीस. का, ते सांगायलाच बसलेय, पण सरळ सांगवत नाही. तीन कागद चुलीत घातले. हा चौथा.

माळ तू सोडून गेलीस तसाच आहे, उलट वाईट. एकेचाळीस घरं होती, आता सकाळी सव्वीस घरांतनं धूर निघतो. बाकीचे कुलपं लावून उचगावला खोल्या घेऊन राहिले, बाप्ये कारखान्यात, बाया मिळेल त्या कामावर. टँकर दोन दिवसांनी येतो. घागरींची रांग अजून तशीच लागते, आणि कुणाची घागर पुढं सरकवली म्हणून अजून तशीच झोंबाझोंबी होते. परवा वर्षाराणीनं तिच्या सख्ख्या नणंदेच्या डोक्यात कळशी घातली. तीन टाके पडले. दोघी दुसऱ्या दिवशी त्याच रांगेत शेजारी शेजारी उभ्या. भांडून जाणार कुठं? गुंडूतात्या फाल्गुनात गेले. शेवटचे आठ दिवस म्हणत होते, बेडकं वरडाय लागली, भाताचा तरवा टाका, तरवा टाका. बाहेर नुसता फुफाटा उडत होता. कुणी त्यांना खोटं पाडलं नाही.

आपण पाटघोलची माणसं. चार महिने सूर्य न बघणारी. धरणाचं पाणी चढलं आणि सरकारनं आपल्याला उचलून ह्या उघड्या दगडावर आणून ठेवलं. तुला पहिलं वर्ष आठवतं का? आपण इथं भाताचा तरवा टाकला होता. खालच्या गावचा सिद्धाप्पा बांधावर उभा राहून हसला होता. म्हणाला, “पावणं, हितं दगुड पेरा, दगुडच उगवंल.” आपल्याला राग आला, पण खरं तेच झालं. तरी आपली खोड गेली नाही. ओट्यावर पावसात डोक्यावर घ्यायची इरली टांगली, पागोळ्या पडतील म्हणून चर खणले, आणि दर मे महिन्यात घराला झड बांधली. पाटघोलात झड बांधली नाही तर भिंतच विरघळून जायची. इथं भिंती पत्र्याच्या, पाऊस नावाला, आणि आपण वीतभर जाडीच्या गवताच्या पेंढ्या घराला चारी बाजूंनी बांधत होतो. सिद्धाप्पाची बायको शिवगंगा म्हणालीसुद्धा, “आक्का, ह्यो काय येडेपणा? वाऱ्याचं गाव हाय हे.” सासूबाईंनी तिला झापलं. मिरगाआधी झड न्हाय तर घर न्हाय, म्हणाल्या. त्या अंगानं लुळ्या पडल्या होत्या, बोलण्यानं नाही. आगीच्या साली तू म्हणालीस, नको बांधूया. मीच तुझ्यावर आवाज चढवला. शहाणी झालीस काय, असं म्हणून मीच पेंढ्या उचलल्या. गाठी मी मारल्या, शालू. तू नुसती सुतळी धरलीस.

आता कुणी झड बांधत नाही. आगीनंतर एकानंही बांधली नाही. इरली तेवढी राहिलीत. पिराजीच्या खोलीत आगीतनं वाचलेलं तुझं इरलं अजून खिळ्याला आहे. सहा वर्षं तो आमच्याकडं जेवतो. मी भाकरी वाढते, तो खाली मान घालून खातो. दारू नाही, शिवी नाही, बोलणंही नाही. पहिल्या वर्षी तुझं नाव काढलं तर ताटावरनं उठायचा. म्हणायचा, जिनं माझी आई जाळली तिच्या हातचं पाणी नको. आता उठत नाही, नुसता घास थांबतो. परवा स्थळ घेऊन पाहुणे आले तेव्हा त्याला म्हणाले, खोलीतलं ते जुनं इरलं तरी काढून टाका. तो म्हणाला, असू दे, कुणाचं काय खातंय. हे तुला मुद्दाम सांगतेय.

वसाहतीत अजून तो दिवस निघतो. आणि निघाला की माझंच कौतुक. चिमणाबाईनं आगीत हात घातला, अंगठा जळाला, पण सासू सोडली नाही. नवीन आलेल्या सुनांना माझा अंगठा दाखवतात. आणि तुझं नाव निघालं की चूल तशीच ठेवून रांगेत गप्पा मारत बसली म्हणतात. तू किती शपथा घेतल्यास. निखारे राखेत झाकूनच गेले होते, म्हणालीस. देवीच्या दगडावर हात ठेवलास. पंचांनी मला विचारलं, चिमणे, तू घरात होतीस, चूल झाकली होती का? मी म्हणाले, मला काय ठावं. एवढंच. तुझा भाऊ तुला न्यायला आला, तू ट्रंक घेऊन निघालीस, आणि मी पदर तोंडात धरून दारात उभी राहिले. बायांना वाटलं रडतेय.

आता ऐक. तू रांगेत होतीस ती माझ्या घागरीसाठी. आपली भरून तू निघालीच होतीस. मीच म्हणाले, माझी बी धर, मला भाकऱ्या टाकायच्यात. घरी आले तर माझी चूल विझलेली. काडेपेटी होती, सादळली नव्हती, काही नव्हतं. पण पाटघोलात आपण काडी कधी ओढली? शेजारचा विस्तव आणायचा. म्हणून तुझ्या घरात गेले. सासूबाई झोपल्या होत्या. राख तू नीट झाकली होतीस, तळहातानं दाबलेली, तुझी बोटं दिसत होती तिच्यावर. मी उकरली. पळीत चार निखारे घेतले आणि निघाले, आणि जाताना पळी हलवली. पाटघोलात ओल्या हवेत निखारा हलवत न्यावा लागतो, नाहीतर दारापर्यंत मरतो. हाताला तीच सवय. इथं वारा असा सुटलेला, आणि मी पळी हलवत तुझ्या घराच्या झडीच्या कडेनं चालले. एक निखारा उडून पेंढीत पडला. मी बघितला. चिमटीनं उचलला, अंगठा तेव्हा भाजला. फुंकर मारली, धूर दिसला नाही, मला घाई होती, गेले. चूल पेटवली. पहिली भाकरी तव्यावर टाकली तेव्हा बाहेर ओरडा झाला. पळत गेले तोवर दाराकडंची बाजू भडकली होती. सासूबाई एकदाच ओरडल्या. माझंच नाव घेतलं. मी आत गेले नाही, शालू. आगीत मी हात घातलाच नाही.

हे मी पिराजीला चारदा सांगायला गेले आणि चारदा भाकरी वाढून परत आले. मला माझा भरवसा नाही. म्हणून हा कागद बाळासोच्या हातानं पाठवतेय. तो दुधाची गाडी घेऊन बावड्याला येतो. सोमवारी ते आले की काडीमोडीचा कागद बाजूला ठेव आणि हा पिराजीपुढं मोठ्यानं वाच. पंचांपुढं वाच, माझ्या नवऱ्यापुढंही वाच. पिराजीकडं परत यायचं की नाही ते तुझं तू ठरव. न आलीस तरी तुला बोल लावणारं तोंड माझं नसेल. पण हा आळ अंगावर घेऊन कुठं सही करू नको. मग ह्या माळावर मला रांगेत कोण उभं करतं ते मी बघून घेईन. आणि इथं येऊन मला विचारलं तर मी भिऊन नाही म्हणेन, मी मला ओळखते. त्यासाठी सहीच्या खाली चुलीच्या काजळीचा अंगठा उठवलाय. चौथीपर्यंत शिकले म्हणून जन्मात कुठं अंगठा दिला नव्हता, सहीच केली. हा तोच आहे, उजवा, भाजलेला. त्याला रेघा नाहीत, नुसता काळा डाग उठतो. मी नाकारलं तर माझा हात धरून ह्याच्यावर लावून बघा.

तुझीच, तुझा गुन्हा केलेली थोरली जाऊ,
चिमणाबाई