गदीरचं नाव लिहून घ्या

होम्स, ११ जानेवारी २०२५

चि. मुंझिर यास,
ताईचा सलाम आणि अ. उ. आ.

फोनवर तू विचारतोस, कशी आहेस, आणि मी तोंड उघडेपर्यंत वीज जाते. म्हणून हे पत्र गाडीवाल्या अबू फवाझच्या हाती देते आहे.

अरे, राजवट पडून महिना झाला, तरी अजून खरं वाटत नाही! काल पावाच्या रांगेत बायका राज्यकारभारावर भांडत होत्या, तेही मोठमोठ्याने! मी सवयीने मागे वळून पाहिलं, कुणी ऐकतंय का. ऐकत सगळेच होते, आणि मध्ये तोंडही घालत होते.

मदतीचे ट्रक येऊ लागलेत. पीठ, मसूर, घोंगड्या. गल्लीची समिती झाली आणि यादीचं काम माझ्या गळ्यात पडलं. शाळेत तीस वर्षं हजेरी घेतली ना! अध्यक्ष आपला कोपऱ्यावरचा अबू सतूफ न्हावी. गिऱ्हाइकाची अर्धी दाढी सोडून सभेला पळतो.

तोच म्हणतो, समोरच्या उम्म गदीरचं नाव यादीतून काढा. तिचा मुलगा गदीर जुन्या सैन्यात होता आणि बारा वर्षांपूर्वी तुला पकडलं त्याच नाक्यावर त्याची नेमणूक होती, हे मी कशी विसरेन? तरी मी नाव ठेवलं. पीठ भुकेला द्यायचं असतं, मुलगा कुठे नोकरीला होता हे विचारून नाही, असं सांगितलं. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिलं. रागावशील, ठाऊक आहे.

तुझ्या नवारला सलाम, सिदराच्या दोन्ही गालांवर पापे. कधी येतोस, तेवढं कळव.

तुझीच,
रसमियाताई


गाझियानतेप, १९ जानेवारी २०२५

ति. ताईस,
सलाम आणि सा. न. वि. वि.

तुझं पत्र आमच्या चपलांच्या कारखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. पावाच्या रांगेपर्यंत पोचलो तर दोघं डोळे पुसत होते आणि दोघं हसत होते. उम्म गदीरचं नाव आलं आणि मी कागद मिटून खिशात घातला.

ताई, तू नाव ठेवलंस? माझ्या डाव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधल्यावर हाच तो, असं म्हणणारा आवाज त्याचा होता. एक्केचाळीस दिवस मी आत होतो. तुझं मन मोठं असेल, माझं नाही. यापुढे त्या घराची बातमी मला लिहू नकोस.

आता आनंदाची! इथल्या सरकारने आम्हा निर्वासितांना गावी जाऊन बघून यायची परवानगी द्यायचं ठरवलंय. मी अर्ज टाकलाय. सिदराने विचारलं, विनोदात सांगतात तसे होम्सचे लोक खरंच बावळट असतात का? मी म्हटलं, सगळे नाही, फक्त तुझी आत्या.

लोभ आहेच, रागासकट असू दे.

तुझा,
मुंझिर


होम्स, १ फेब्रुवारी २०२५

चि. मुंझिर यास अ. उ. आ.

त्या घराची बातमी लिहू नकोस म्हणालास. लिहिते आहे. मोठ्या बहिणीला एवढा हक्क आहे.

सोमवारी चार बंदूकवाली पोरं आली आणि गदीरला घेऊन गेली. कागद नाही, कारण नाही, कुठे नेलं तेही नाही. मंगळवारी सकाळी उम्म गदीर माझ्या दारात उभी! बारा वर्षांत आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. तिने इतकंच विचारलं, की तेव्हा मुंझिरसाठी तू कुठल्या खिडकीशी जायचीस? मी कोट घातला आणि तिच्याबरोबर निघाले.

कैदखान्याचं तेच फाटक. रंग नवा, वरची तसबीर गेलेली. खिडकीतला पोरगा अगदी अदबीचा, मला मावशी म्हणाला, खुर्ची दिली. मग म्हणाला, या नावाचा माणूस आमच्याकडे नाही.

मुंझिर, हेच वाक्य मी एक्केचाळीस दिवस ऐकलं होतं. मी त्याला सांगितलं, बाळा, मी कुणाला सोडवायला आले नाही. गुन्हा असेल तर खटला चालवा. पण नाव लिहून घ्या. लिहिलेला माणूस हरवत नाही. तो म्हणाला, मावशी, नोंदवही अजून आली नाही. मी पिशवीतून वही काढली, हजेरीसारखे रकाने आखले आणि म्हटलं, घे, आली.

मागच्या बायका आधी हसल्या, मग पुढे सरसावल्या. बघता बघता अकरा नावं! त्यातल्या तिघी तर जुन्या राजवटीत मुलं हरवलेल्या. त्यांचीही लिहून घेतली. पोरगा गोंधळला, पण सही केली. एका वकीलबाईने तिथेच त्या पानाचा फोटो काढला. मी घरी आले ती नाचतच म्हण ना!

आता खरं विचारते. गल्लीत सगळे म्हणतात, गदीरने मुंझिरला पकडून दिलं. हे सगळ्यांना तुझ्याकडूनच कळलंय. तू त्याला पाहिलं होतंस का? जे असेल ते लिही. तू काहीही लिहिलंस तरी तू माझाच आहेस.

तुझी,
ताई


गाझियानतेप, ११ फेब्रुवारी २०२५

ति. ताईस सा. न. वि. वि.

आठ दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो. शेवटी नवार म्हणाली, उत्तर तरी लिहा, नाहीतर कोट बदला.

नाही पाहिलं, ताई. पट्टी होती. आवाज ऐकला. आत असताना कुणाचा तरी चेहरा हवा होता शिव्या द्यायला. गल्लीतल्या ओळखीचा तोच एक त्या नाक्यावर होता, म्हणून त्याचा घेतला. मग दर वर्षी सांगत गेलो आणि दर वर्षी आवाज जास्त त्याचा होत गेला. तो नसेलच असंही म्हणत नाही. मला माहीत नाही, एवढंच खरं आहे. हे लिहायला बारा वर्षं लागली.

पण फाटकावरच्यांना हे पत्राने सांगायचं नाही. परवानगी आली! दहा-बारा दिवसांत निघतोय. जे माहीत आहे तेवढंच, तिथे उभा राहून, माझ्या नावानिशी सांगेन. त्याने केलं असेल तर भरदिवसा, त्याच्या आईसमोर सिद्ध होऊ दे. मला नेलं तसं कुणालाच नेऊ नये.

खिम्याचे किब्बे कर. भरपूर कर. बाकी समक्ष.

तुझा,
मुंझिर


होम्स, २६ फेब्रुवारी २०२५

प्रिय नवार,
तुला सलाम, सिदराला गोड गोड पापा.

पोचलो! आमच्याकडे बुधवार हा बावळटांचा वार, आणि मी नेमका आज फाटकावर गेलो म्हणून ताई सकाळपासून हसते आहे. परवा गल्लीत शिरलो तेव्हा बायकांनी असा गजर केला की अबू सतूफ हातात वस्तरा घेऊन धावत आला. मागून अर्ध्या दाढीचा माणूसही. ताईचे केस पांढरे झालेत. तिने माझी दोन बोटं हातात धरली आणि बराच वेळ सोडलीच नाहीत. किब्बे सोळा खाल्ले.

ताई आणि त्या बायका रोज फाटकाशी जाऊन बसायच्या. दहाव्या दिवशी छापील नोंदवही आली आणि गदीर आपल्याकडेच असल्याचं फाटकावरच्यांनी कबूल केलं. आज तपासनिसाने माझा जबाब घेतला. आवाज ऐकला, चेहरा पाहिला नाही, इतकंच सांगितलं. पुढच्या महिन्यात न्यायाधीशासमोर सुनावणी आहे, वकीलबाई असतील. त्यासाठी मीही पुन्हा येईन.

मग गदीरला भेटायला पाच मिनिटं मिळाली. तो वाळलाय, पण धड आहे. माझ्याकडे पाहून आपणहून म्हणाला, त्या दिवशी मी तिथेच होतो. तुझं नाव मी सांगितलं नाही, पण तुला नेताना पाहिलं आणि मान फिरवली. नवार, खरं किती ते न्यायाधीश ठरवतील. मी माफ केलं असं म्हणत नाही. पण छातीवरचं काहीतरी उतरलं खरं.

आत जाण्याआधीची गोष्ट सांगायची राहिली. भेटीच्या वहीत नातं असा एक रकाना होता. उम्म गदीरने आई म्हणून लिहवलं. मग पोराने पेन थांबवून मला विचारलं, तुमचं कोण? ताई माझ्याकडे बघत होती, उम्म गदीर जमिनीकडे.

मी म्हटलं, शेजारी लिही.

तुझ्या मायेचा धनी,
मुंझिर