अण्णांच्या खिशातली चिठ्ठी

मंगळवार, संध्याकाळ. खासबाग.

ती चिठ्ठी पंधरा दिवस डोक्यातनं जाईना. पासपोर्टच्या अर्जात ओळख देणारा शेजारी लागतो, म्हणून समोरच्या अण्णांना त्यांचं पूर्ण नाव विचारलं. बारा वर्षांत कधी लागलंच नव्हतं. त्यांनी सांगितलं, पण लगेच म्हणाले, "तुमचंबी लिहून द्या, वडिलांच्या नावासकट." दिलं. चिठ्ठी घडी करून खिशात! कशाला हवी यांना? कुठं वापरणार? तेव्हापासून माझी नजर त्यांच्या खिशावरच.

आज पासपोर्टच्या चौकशीला पोलीस अण्णांच्या दारात आला. मी खिडकीआड उभा.

"समोरच्यांना ओळखता?" त्यानं इथल्या सरकारी कन्नडमध्ये विचारलं; अण्णांचं उत्तर मराठीतच.

"व्हय की! लई चांगलं. घरचंच माणूस."

"नाव काय त्यांचं?"

अण्णांनी खिशात हात घातला.