अगोदर लिहिलेली शेवटची ओळ

सोमवार, ३
सूनबाई चष्म्याला दोरी बांधत हसत होती. बाबा, सगळं आयुष्य सरळ मार्गानं गेलं आणि अडुसष्टाव्या वर्षी तुरुंगात निघालात होय? मी म्हटलं, जेवण तरी वेळेवर मिळेल.

चौकशी संपेपर्यंत आतच राहायचंय. खोली वरच्या मजल्यावर. जिना अठरा पायऱ्यांचा, कोरडा, कठडा भक्कम. माझ्या गुडघ्यांनी त्याला पास केलं.

गेल्या महिन्यात इथं एक कैदी दगावला. न्यायाधीशबाई चौकशी करतायत. सहा कैद्यांचे जबाब मी लिहायचे, शुक्रवारी त्यांच्या हाती द्यायचे. बाईंनी चार गोष्टी बजावल्यात: कैद्यानं एकट्यानं बोलायचं, शिपाई बाहेर. जबाब वाचून दाखवायचा. मगच अंगठा. आणि चौकशी संपेपर्यंत एकालाही दुसरीकडे हलवायचं नाही. ठळक अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलं. जेलरसाहेबांनी कौतुकानं वाचलं, चहा मागवला.

मी शाळेत गेलेलो नाही. पुड्याच्या कागदांवरून अक्षरं शिकलो आणि चाळीस वर्षं कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहिले. तेव्हाची एक खोड अजून आहे. शेवटची ओळ आणि सही आधीच करून ठेवायची, म्हणजे मजकूर खाली दाटत नाही. आज निवांत बसून वीस कागदांवर लिहिलं: ‘वाचून दाखवले, बरोबर आहे.’ खाली माझी सही. साहेब म्हणाले, काका, तुमचं अक्षर म्हणजे मोती.

मंगळवार, ४
पहिला आचारी. इथलाच कैदी, दोनशे माणसांची डाळ शिजवतो. वारा येऊ दे म्हणून शिपायानं दार उघडं ठेवलं, मी लावून घेतलं. मग तो बोलला. मेलेल्यानं पाणी मागितलं होतं. तिघांनी पट्ट्यानं मारलं. तो दुपारपर्यंत कण्हत होता, डॉक्टर कुणी बोलावला नाही. त्याची आई दर आठवड्याला फाटकाशी येते, तिला घसरून पडला असं सांगितलंय.

तीनदा वाचून घेतलं त्यानं. म्हणाला, काका, तुमच्या तोंडून माझं बोलणंसुद्धा शहाण्यासारखं वाटतं. मग अंगठा दिला.

एकोणीस कागद उरायला हवेत. मोजले तर चौदाच. मोजताना चुकलो असेन, वय झालं.

बुधवार, ५
विणकर आला. काही पाहिलं नाही म्हणाला. नजर सगळी दाराकडे. शाईचा पॅड मी पुढे केला, तर त्याचा अंगठा आधीच निळा.

आचारी कुठंय विचारलं. हलवला, म्हणे, उपचाराला. काल तर धडधाकट होता. भिंतीकडे बोट दाखवलं. साहेब म्हणाले, त्याच्याच भल्यासाठी, काका.

गुरुवार, ६
चौघे आले. चौघांचे अंगठे निळे. चौघांचं एकच वाक्य, न्हाणीघरात त्याचा पाय घसरला. एकाच चालीत, पाढे म्हटल्यासारखं.

जबाबांची फाईल उघडली. आचाऱ्याचा जबाब — माझं अक्षर नाही. त्यातही न्हाणीघर, त्यातही पाय. खाली त्याचा अंगठा. त्याच्याखाली माझे मोती.

वाचून दाखवले, बरोबर आहे.

ज्या हातानं लोकांची गाऱ्हाणी लिहिली, त्याच हातानं आचाऱ्याचं तोंड दाबलं. फुकट गेली चाळीस वर्षं.

साहेबांना तोंडावर सांगितलं, उद्या बाईंना सगळं सांगणार. ते चिडले नाहीत. मायेनं विचारलं, काका, जिना चढताना दम लागतो का हो?

शुक्रवार, ७, सकाळ
अकराला बाई येतील. आता साडेनऊ.

फाईलच्या तळाशी आणखी एक कागद. विणकराच्या नावानं. तारीख आजची. ‘लेखनिककाका दहाच्या सुमारास जिन्यात पाय घसरून पडले. मी पाहिले.’ अंगठा. माझी ओळ. माझी सही.

शाई वाळलेली आहे.

दहाला पाच कमी. खाली बूट. दोन जण — नाही, तिघे. पिशवी उचलायला आलोय, दाराबाहेरून म्हणतात, बाई लवकर आल्यात, चला. फाटकाशी गाडी नाही. खिडकीतून दिसतंय, फक्त एक म्हातारी उभी आहे.

कडी लावली होती मी. ती बाहेरून सरकवतायत —

सूनबाई, ही वही गादीखाली. जिना कोरडा आहे. माझा पाय घसरलेला नाही. हे माझ्या हातचं, कुणीतरी बाईंना वाचून दाख