बाबा, मी सायन्सला नाही

प्रिय बाबा,

'प्रिय' लिहिताना पेन अडला. पत्राची सुरुवात अशीच करतात म्हणून लिहिलं. तुम्हाला जाऊन अजून महिना नाही झाला आणि मी तुमच्यावर रागावून बसली आहे. काल भंतेजी आले, तुमचं पुण्यानुमोदन झालं. तिथं जे घडलं ते घरात बोलायची सोय नाही. आई म्हणते, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. म्हणून तुम्हालाच सांगते.

दहावीच्या निकालाच्या दिवशी तुम्ही कळमन्याच्या मार्केट यार्डात पेढे वाटले. वाटता वाटता सांगून टाकलं, पोरगी सायन्स घेणार, डॉक्टर होणार. मला विचारलं होतं का हो? मी आर्ट्सचा फॉर्म भरला, भूगोल घेतला. तुम्ही घरी एवढंच म्हणाले, "घे तुले जे घ्याचं ते." मला वाटलं, किती समजूतदार बाप आहे माझा! येडीच होती मी. यार्डात तुम्ही खरं सांगितलंच नाही.

आणि भूगोलाची आवड लावली कोणी? तुम्हीच ना! संत्रं हातात घेतलं की सालीवरून सांगायचे, हे काटोलचं, हे वरूडचं. कुठली जमीन भारी, कुठं पाणी खोल गेलं, सगळं तुम्हाला तोंडपाठ. वर्गात मातीचा धडा चालला की मी एकटीच हात वर करायची. मॅडमनी विचारलं, तुला कसं गं माहीत? मी ठसक्यात सांगितलं, माझे बाबा कळमन्यात मापारी आहेत, मालाचं वजन करतात. मी तुम्हाला कधी लपवलं नाही. तुम्ही मला काहून लपवलं?

अकरावीत आमची क्षेत्रभेट तुमच्याच यार्डात निघाली. मॅडमना मीच सुचवलं होतं. आदल्या दिवशी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही नुसतं "बरं" म्हणाले. प्रत्येकीनं बाजारातल्या एका माणसाकडून प्रश्नावली भरून आणायची होती. मी मैत्रिणीला, स्नेहलला, ओढतच तुमच्या काट्याजवळ घेऊन आली. बाजूला तुमच्या जोडीचे सुखदेवकाका आणि दोन-तीन हमाल उभे होते. त्यांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "विचारा ना ताई, काय विचाराचं ते."

ताई! पोटच्या पोरीला ताई! स्नेहलचं तोंड उघडंच राहिलं. मी मान खाली घालून विचारत गेली. नाव काय, गाव कोणतं, किती वर्षांपासून काम करता. मग तो प्रश्न आला, घरात शिकणारे कोण? तुम्ही जराही न अडखळता म्हणाले, "एक पोरगी आहे. सायन्सले. डॉक्टरकीची तयारी करून राहिली."

मॅडमनी बजावलं होतं, समोरचा सांगेल तेच लिहायचं. मी लिहिलं. अहवालाला चांगले मार्कही मिळाले.

त्या संध्याकाळी तुम्ही जेवायला बसले आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. बस्स, एवढंच! मी ताटासमोर बसून वाट पाहत होती. एकदा "चुकलं बेटा" म्हणायला काय जात होतं तुमचं? पुढं वर्षभर मी वाट पाहिली. मग तुमच्या छातीत कळ आली आणि तुम्ही सुटले.

काल बुद्धवंदना झाल्यावर सुखदेवकाका पुढं आले. सोबत यार्डातली सगळी मंडळी. काकांच्या हातात जाडजूड पुस्तकांचा गठ्ठा होता. बायोलॉजी, केमिस्ट्री, डॉक्टरकीच्या परीक्षेची पुस्तकं! "घे वं पोरी. तुह्या बाबाचं रोजचं एकच बोलणं राहे, पोरगी डॉक्टर होणार. आम्ही सगळ्यायनं मिळून आणली." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "तुले कुठंतरी पाह्यलं वाटते मले." आईनं डोळ्यांनीच मला गप केलं.

आणि मी काय केलं माहीत आहे? हात जोडले. म्हणाली, "हो काका, खूप अभ्यास करीन." बाबा, खोटं बोलताना माझीही जीभ अडखळली नाही! मग मी ढसाढसा रडली. सगळ्यांना वाटलं, बापासाठी रडते. त्या माणसांनी दिवसभर ओझी वाहून ती पुस्तकं आणली हो. त्यांना फसवायचा तुम्हाला काय हक्क होता? मला तरी काय होता?

एक वचन देते. सोमवारी कॉलेजच्या आधी मी यार्डात जाणार, पुस्तकं घेऊन. सुखदेवकाकांना सांगणार, काका, मी बारावी आर्ट्सला आहे, भूगोल शिकते, पुढंही तोच शिकणार. ही पुस्तकं कोणा गरजू पोराला द्या. मग सगळे विचारतील, म्हणजे तुझा बाप आमच्याशी खोटं बोलत होता? मी हो म्हणणार. ते तुम्हाला जे काय म्हणायचं ते म्हणतील. मी ऐकून घेईन, पण तुमची बाजू घेणार नाही.

तुमचीच,
प्रज्ञा
बारावी, आर्ट्स