चौघांतला एक

३ ऑगस्ट २०२५, रविवार

ठरलं. दसऱ्यापर्यंत माझा आवडता बॉक्सर फायनल करायचा. एकच.

ऐंशीच्या दशकातले चौघे शॉर्टलिस्ट आहेत: लेनर्ड, हॅगलर, हर्न्स आणि दुरान. चौघे आपापसात लढले आणि प्रत्येकाने दुसऱ्या कुणाला तरी हरवून दाखवलं. असा काळ पुन्हा आला नाही म्हणतात. यूट्यूबवर फाइट आहेत, टीव्ही मोठा आहे, मी रिटायर आहे. आता फक्त निर्णय हवा.

कुसुम म्हणायची, तुम्हाला बाजारात धड एक दुधी निवडता येत नाही. पडद्यांचा रंग ठरवायला दोन दिवाळ्या गेल्या, हे खरं आहे. पण तिचं म्हणणं खोडून काढायचंच. ती असताना काढलं असतं तर जास्त बरं झालं असतं. जानेवारीत गेली. असो.

रविवारी नथू येतो. गाव साक्री. इथे मसाटच्या दोऱ्याच्या फॅक्टरीत लागला तेव्हा तो आमच्याच मागच्या खोलीत भाड्याने राहायचा. कुसुम त्याला राखी बांधायची, म्हणून मी त्याचा दाजी. हल्ली नरोलीला एकटाच असतो. बिचाऱ्याला रविवार खायला उठतो. म्हणून मार्चपासून मीच त्याला फाइट बघायला बोलावतो. म्हणजे तो येऊन बसला आणि मग मी म्हटलं, येत जा. येताना डब्यात भाकरी आणि भाजी आणतो. ती मी प्रवेश फी समजतो.

आज लेनर्ड-हर्न्स, पहिली. चौदा राउंड. नथू बराच वेळ डोळे मिटून होता. जाणकार माणूस गाणं असंच ऐकतो.

५ ऑगस्ट, मंगळवार

पद्धत पक्की केली. शंभर मार्क. पायांची हालचाल, ठोसा, सोसण्याची ताकद, वागणूक. लेनर्डचे वागणुकीतले पाच कापले, फार हसतो. हर्न्सला उंचीचे दहा दिले. मग वाटलं, उंची ही काय त्याची कमाई? सात परत घेतले.

कुसुमचं कपाट आवरायचं राहिलंय. अश्विनीचा नाशिकहून फोन आला, बाबा, मी दोन दिवस येते, आवरू. तिला सांगितलं, सध्या प्रोजेक्ट चालू आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

नथू आज आला. त्याला म्हटलं, अरे, आज शनिवार. म्हणाला, माहीत आहे दाजी. खुर्चीत बसला. इस्त्रीचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. मला वाटलं, सुट्टी असेल.

नंतर लक्षात आलं, आज राखी.

दुरान-लेनर्ड लावली, मॉन्ट्रियलची. आवाज मोठा ठेवला. दोघांनीही पडद्याकडे पाहिलं. कुणी जिंकलं ते आत्ता आठवत नाही, मार्क उद्या देईन.

११ ऑगस्ट, सोमवार

ज्याने स्वतः घाम गाळला नाही त्याने दुसऱ्याला मार्क देऊ नयेत. दोरी आणली. रोज सकाळी गच्चीवर दोनशे उड्या.

१२ ऑगस्ट, मंगळवार

अकरा उड्या. खालच्या मजल्यावरच्या प्रमिलाबाई वर आल्या. शाळेत चित्रकला शिकवतात, आवाज मात्र पीटीच्या मास्तरांचा. विचारलं, भाऊ, काही पडलं का? बिल्डिंग जुनी आहे. इतरांच्या जिवाशी खेळणं मला जमणार नाही. दोरीवर आता टॉवेल वाळत घालतो.

१७ ऑगस्ट, रविवार

दुरान-लेनर्ड, दुसरी. आठव्या राउंडला दुरानने हात हलवला, पाठ फिरवली आणि खेळायचंच सोडलं. नंतर म्हणे पोटात गोळा आला होता. जगाने त्याला धुऊन काढलं. मी मात्र मार्क कापले नाहीत. पोटदुखी मी ऑफिसात एकतीस मार्चला दोनदा वापरली आहे. शिवाय माणसाला एखाद्या दिवशी नाही उभं राहवत. नाही म्हणजे नाही राहवत.

नथू त्या वेळी स्वयंपाकघरात होता. मारामारी रंगात आली की याला नेमकी चहाची तल्लफ येते. टायमिंग कच्चं आहे, पण चहा बरा करतो. डब्यात कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. मी खावं म्हणून समोर बसून राहतो. गावाकडची माणसं, पाहुणचाराची हौस. घर माझं आहे हेही विसरतो.

३१ ऑगस्ट, रविवार

निर्णय झाला. हर्न्स. त्याने दुरानला दोन राउंडमध्ये असा पाडला की मी खुर्चीतून उठलो. नथूकडे वळून जाहीर केलं. तो मनापासून हसला. म्हणाला, चांगलं झालं दाजी, एकदाचं ठरलं. आता मग रविवारी काय करायचं?

हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

संध्याकाळी शांतपणे विचार केला. हर्न्सचे पाय बारीक आहेत. घाईने निवडलेला बॉक्सर पुढे पस्तावायला लावतो. फेरतपासणी. नथूला फोन करून कळवलं, पुढच्या रविवारी यावंच लागेल. म्हणाला, येतो ना.

१४ सप्टेंबर, रविवार

लेनर्ड जवळजवळ ठरला होता. नथू चपला घालत होता तेवढ्यात मी रद्द केला. तिघांनाही हरवणाऱ्या माणसाला निवडण्यात आपली परीक्षा ती काय! ते तर कुणीही निवडेल.

फाइट चालू असताना नथू काहीतरी सांगत होता, मुलगा, साक्री, दोन खोल्या वगैरे. मी म्हटलं, बाराव्या राउंडमध्ये नको. मग तो काही बोलला नाही. त्याच्यात एक चांगलं आहे, सांगितलेलं ऐकतो.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. प्रमिलाबाई प्रसाद द्यायला आल्या आणि म्हणाल्या, नथूभाऊ जाणार म्हणे कायमचे, तुम्हाला फार एकटं वाटेल. म्हटलं, कोण जाणार? म्हणाल्या, का, तुम्हाला सांगितलं नाही? फॅक्टरीतून सुटले, मुलाने गावाला घर बांधलं, दसऱ्याच्या आसपास निघणार.

मी म्हटलं, हो हो, सांगितलं होतं.

सांगितलं नव्हतं. खालच्या मजल्याला माहीत आणि मला नाही! ज्याला मी रविवारचा आधार दिला, एवढ्या मोठ्या टीव्हीपुढे बसवला, त्याने हे करावं?

२३ सप्टेंबर, मंगळवार

फोन करणार नाही. त्याने करावा.

दुपारी मीच केला. रिंग धड वाजली नाही तोच त्याने उचलला. म्हणाला, दाजी, तीन वेळा सांगितलं. एकदा बाराव्या राउंडला, एकदा त्या काळ्या चड्डीवाल्याच्या वेळी, एकदा चहा देताना. त्यावर मी म्हटलं की हे असं सांगायचं नसतं, आणि फोन ठेवला. मग कसं सांगायचं असतं, ते ठेवल्यावर शोधत बसलो.

२७ सप्टेंबर, शनिवार

उद्या नथू येणार. निरोप घ्यायला येणार हे उघड आहे. दार बंद दिसलं की त्याला कळेल आपण काय गमावतोय ते. मग बसेल विचार करत. मुलाला सांगेल, दिवाळीपर्यंत थांबतो. योजना साधी आहे आणि खात्रीची आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी कुलूप लावून दादऱ्याला गेलो. वनगंगा बाग. तळ्याकाठी बाकावर बसून मोबाइलवर हॅगलर-लेनर्ड लावली. उन्हात स्क्रीन दिसत नाही. शेजारी एक जोडपं होतं, ते उठून दुसरीकडे गेलं. नवव्या राउंडला डेटा संपला. निकाल मला पाठ आहे, तरी चुटपुट लागली.

फोन तीन वेळा वाजला, नथूचा. उचलला नाही. चौथ्यांदा वाजला की उचलायचा असं ठरवलं होतं.

चौथ्यांदा वाजला नाही.

दुपारी घरी आलो. जिन्यात कुणी नव्हतं.

२९ सप्टेंबर, सोमवार

प्रमिलाबाईंनी सगळं सांगितलं. नथू सामानाची पिशवी घेऊनच आला होता. गाडी कालचीच होती, मुलाने तिकीट आधीच काढलेलं. जिन्यात बसून राहिला. चहा दिला तो घेतला. त्यांना म्हणाला, ताई, दाजींचं रविवारी बघा. इतर दिवस ते निभावून नेतात.

मी म्हटलं, गैरसमज आहे. उलट आहे. त्याला करमत नव्हतं म्हणून मी बोलवायचो. आणि त्याला बॉक्सिंगचा नाद.

प्रमिलाबाई म्हणाल्या, भाऊ, त्यांना मारामारी बघवत नाही. मशिनवर शेजारच्या माणसाचा हात गेलेला त्यांनी पाहिलाय. रक्त दिसलं की डोळे मिटतात. मला म्हणाले, आवाज ऐकून मधेमधे वा म्हणतो, म्हणजे दाजींना बरं वाटतं.

प्रमिलाबाई चित्रकलेच्या शिक्षिका आहेत. खेळातलं त्यांना काय कळणार.

३० सप्टेंबर, मंगळवार

नरोलीला गेलो. सहज. त्याच्या खोलीत बिहारकडची दोन पोरं आली आहेत. म्हणाली, किसको ढूंढ रहे हो अंकल? म्हटलं, कोई नहीं.

काल नाही लिहिलं, आज लिहितो. मला त्याचा राग आला नव्हता. मला तो जायला नको होता. एवढंच होतं. हे दारात उभं राहून त्याला सांगता आलं असतं, आणि मी दादऱ्याला जाऊन बाकावर बसलो.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. मुदत संपली.

हॅगलरचे एकूण मार्क सगळ्यांत कमी भरले, कारण वागणुकीत मी त्याचे पंधरा कापले होते. लेनर्डविरुद्धचा निकाल त्याला पटला नाही, तर गडी रिंगणातून जो उतरला तो पुन्हा चढलाच नाही. सरळ इटलीला निघून गेला. परत लढ म्हणून सांगितलं तरी आला नाही. मी त्यापुढे लिहिलं होतं, रुसका.

आज ते पंधरा परत दिले. तरी तो तिसराच येतो. बेरीज दोनदा केली. निकाल राखून ठेवला आहे.

प्रमिलाबाईंनी आपट्याची पानं दिली. मी कुणाला देणार, घरात ठेवली.

५ ऑक्टोबर, रविवार

टीव्ही लावला. चौघांपैकी एकाचीही फाइट पाच मिनिटांच्या वर बघवेना. आवाज बंद केला तर नुसतेच दोन घामेजलेले पुरुष एकमेकांना धरून उभे. यांच्यात मी इतके महिने काय बघत होतो?

शेवटी फोन लावला. आधी माफी मागायची असं ठरवून लावला. नथूने हॅलो म्हटलं आणि मी विचारलं, तिकडे पाऊस आहे का? म्हणाला, उघडला. सुनेने दाराशी बाज टाकून दिलीय, बसलोय. माफी राहूनच गेली. मग एकदम विचारलं, नथू, खरं सांग, चौघांतला तुला कोण आवडला?

म्हणाला, तो टकला, दाजी.

हॅगलर! मला काय आनंद झाला. म्हणजे प्रमिलाबाई खोट्या, हा बघत होता. मी विचारलं, कोणती फाइट? हर्न्सबरोबरची? तीन राउंडची?

म्हणाला, फाइट नाही माहीत. मी कुठे टीव्ही बघायचो. मी तुमच्याकडे बघत होतो. ताई गेल्यावर तुम्ही अन्नाला शिवत नव्हते. त्या टकल्याची मारामारी चालली होती त्या दिवशी तुम्ही त्याच्याकडे बघता बघता अख्खी भाकरी खाल्ली. अर्धी अजून मागितली. तेव्हापासून तो मला आवडतो.

मी रिमोट उगाच या हातातून त्या हातात घेतला. मी म्हटलं, डावखुरा होता तो. म्हणाला, असेल.

मग त्याने विचारलं, आज जेवले का?

हो म्हटलं. मघाशीच.

काय केलं होतं, विचारलं.

मला चटकन एकाही भाजीचं नाव आठवेना.